कलानं

बाबा पहिल्यांदाच बसले माझ्या शेजारी.
हाल्ब्योर्न, बेचाळीस वर्षं कॉडच्या मागं समुद्रात,
गुडघ्यांत थर्मास, पट्टा दोनदा चाचपलेला.
"सुकाणू कुठंय?"

आहे की. शेपटीला.
पण वळवण्याचं काम त्याचं नाही, बाबा.
बोट पाण्याला रेटून वळते.
इथं नुसती पंखांची उचल,
सरळ वर असते ती, आपलं वजन पेलत.
डावा पंख खाली केला
की तीही डावीकडं कलते,
त्या बाजूला झुकतं माप पडतं
आणि विमान तिकडं ओढलं जातं.
"एवढंच?"
एवढंच.
फक्त बाजूला दिलं तेवढं वरचं कमी होतं,
म्हणून काठी जराशी पोटाशी घ्यायची,
नाहीतर नाक खाली जातं
आणि कळेपर्यंत बरंच खाली गेलेलं असतं.

ते गप्प. ढगांची कड पाहत राहिले.

फ्योर्ड आत जाऊन अरुंद होतो,
आमची धावपट्टी मागं, डोंगराच्या पायाशी.
तिथंच वळावं लागतं, कड्याला खेटून.
मी पंख टाकला.
त्यांच्या खिडकीत आभाळ उरलं,
माझ्या खिडकीत सगळा समुद्र,
सुकत घातलेल्या माशांच्या माच्या, कुणाचं तरी पिवळं घर.
बाबा उजवीकडं रेलले, बोट कलल्यावर रेलतात तसे,
तोल सावरायला, माझा, सगळ्यांचा.

रेलू नका. कॉफीकडं बघा.

झाकणातली कॉफी
समुद्राला समांतर नव्हती, क्षितिजालाही नाही.
शांत, आमच्या जमिनीशी सपाट,
जणू जगच वाकडं झालंय आणि आपण तेवढे नीट.
आयुष्यभर पाण्याची पातळी वाचलेला माणूस
झाकणात डोकावत बसला.

"स्वान विकली मी," ते म्हणाले.
"मंगळवारी. बोलुंगारविकच्या पोरांना."

स्वान. जिच्या डेकवर मी चालायला शिकले,
जी मी घ्यावी म्हणून
अकरा वर्षं आम्ही जेवताना मीठ मागण्यापुरतं बोललो.

कडा पंखाच्या टोकाशी सरकत होता.
उत्तर द्यायची ती जागा नव्हती.
मी काठी किंचित ओढून धरली,
उंची आहे तेवढी ठेवली,
आणि त्याला त्याच्या कलानं वळू दिलं.

मग पंख सरळ. धावपट्टी समोर, ओली.
"किती मिळाले?" मी विचारलं.
"कमीच," ते म्हणाले,
आणि गार झालेली कॉफी
एका घोटात संपवली.