सोळा, सोळा

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीशेजारच्या पेटीला
अक्षरं ठाऊक नाहीत.
कपाळावर लाल आकड्यांची एक पट्टी,
तेवढंच तिचं तोंड.
पोटात आठ बाइट:
धोक्याची सूचना, तापमान, पाण्याचा दाब,
कुठली झडप उघडी, कुठला पंखा रुसलेला.
चौसष्ट बिट. चालू किंवा बंद,
याखेरीज तिला काही म्हणायचं नसतं.

मी उद्यमनगरात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली लेथ फिरतोय, टेबलावरचा चहा थरथरतोय.
फोनच्या पलीकडे बाळगोंडा मगदूम.

पहिल्या वर्षी मी त्याला चौसष्टच्या चौसष्ट वाचायला लावले.
शून्य शून्य एक शून्य एक एक...
एकतिसाव्यावर मागे कुणीतरी साचा आपटला.
"ताई, कुठं हुतो वो मी?"

मग प्रत्येक बाइटला तीन अंकांची खोली दिली.
आठ खोल्या, चोवीस अंक.
पण दोनशे पंचावन्नच्या वर तिथं कुणी राहतच नाही,
सातशे चव्वेचाळीस पलंग रिकामे
आणि भाडं बाळगोंडाच्या घशाला.

भिंती पाडल्या.
आठही बाइट एका रांगेत, त्यांची एकच संख्या;
दहानं भागत गेले, बाकी टिपत गेले,
शाळेतलाच भागाकार, फक्त पाटी मोठी.
वीस अंकांत अख्खी भट्टी मावली.

बाळगोंडानं तेही निम्मं केलं, मला न विचारता.
"अकरा. एक्याण्णव. त्रेसष्ट. अडतीस."
नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक जोडीला आपल्यात स्वतःचं नाव आहे,
हे मला शाळेनं शिकवलं होतं,
कशासाठी ते सांगितलं नव्हतं.
दहा शब्द. एका दमात.
मग पलीकडे तो तंबाखू मळायला लागायचा,
ऐकू यायचं.

एका पहाटे आठच शब्द आले.
धोक्याचा बाइट सगळ्यांत पुढे,
धोका नसला की तो शून्य,
आणि पुढच्या शून्याला कोण विचारतो?
माझा प्रोग्रॅम डावीकडून मोजायचा.
तापमान जाऊन बसलं धोक्याच्या जागी,
भरल्या पाळीत मी भट्टी बंद करायला लावली.
शेठ जे बोलले ते कुठल्याच रूपात साठवून ठेवलेलं नाही.

त्या रात्री सगळ्यांच्या पुढे एक 'एक' उभा केला.
त्याचा स्वतःचा अर्थ काही नाही.
मागच्या शून्यांना तो हरवू देत नाही,
इकडे पोचला की मी त्याला काढून टाकते.
तेव्हापासून अंक नेहमी वीसच,
पहिला शब्द अठरा ते छत्तीसमधलाच.
"पहारा बसवला जणू," बाळगोंडा म्हणाला.

सोमवारी सुट्टी. भट्टी थंड, सगळं बंद, सगळी बिट शून्य,
उरतो फक्त तो पुढचा एक,
आणि तो दहाच्या भाषेत असा दिसतो:
अठरा, चव्वेचाळीस, सदुसष्ट, चव्वेचाळीस,
शून्य सात, सदतीस, शून्य नऊ,
पंचावन्न, सोळा, सोळा.
बाळगोंडाला पाठ झालं होतं.
पट्टीकडे न बघता म्हणतो अशी मला शंका होती,
शेवटच्या सोळाला सूर लांबवायचा.

मार्चात तो निवृत्त झाला. आता ऋतुराज वाचतो.
टू, वन, एट, फोर.
"चौऱ्याऐंशी ना?" मी विचारते.
"एट फोर, मॅडम."
पुन्हा वीस.
पोरगा चुकत नाही, एकदाही चुकलेला नाही.
फक्त आवळलेलं उलगडायला
दोन्ही टोकांना एकच तक्ता लागतो,
आणि हा तक्ता मी कधी लिहूनच ठेवला नव्हता.

परवा सोमवारी नांदणीहून फोन आला.
नमस्कार नाही, नाव नाही.
"अठरा. चव्वेचाळीस. सदुसष्ट..."
मी सवयीनं पेन्सिल घेतली, दहाही शब्द लिहिले,
पहिला शब्द तपासला,
पुढचा एक काढला.

"बरं हाय ना समदं?" मी विचारलं.
पलीकडे तंबाखू मळल्याचा आवाज.