जिवाचा कान

तीन कार्ब्युरेटर उतरवले त्या दिवशी
पपा गॅरेजात आलेच नाहीत.
समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून,
गालात कोकाची पानं धरून
साल्ताचा तो रिकामा रस्ता बघत बसले,
जणू तिथून कुणी यायचं होतं.

सत्तर सालची तोरीनो. सहा सिलिंडर.
तिन्ही कार्ब्युरेटरांचा श्वास ते
हातभर रबरी नळीनं जुळवायचे:
एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडात,
दुसरं स्वतःच्या कानाशी.
स्क्रू पाव फेरा इकडे, त्याहून कमी तिकडे.
तिघं एका सुरात येईपर्यंत
आम्ही पोरांनी शिंकायचंसुद्धा नाही.
जिवाचा कान करणं म्हणजे काय
ते मी तेव्हा पाहिलं.

गेल्या वर्षी त्यांचा डावा कान गेला.
उजवाही चाललाय.
त्यांनी सांगितलं नाही.
मला कळलं प्लगांवरच्या काजळीवरून.

म्हणून ही उठाठेव.
सहा इंजेक्टर. टाकीत नवा पंप,
आणि परतीची वेगळी नळी,
कारण जास्तीचं पेट्रोल आता घरी परत येतं.
क्रँकला छत्तीस दातांचं चाक,
त्यातला एक दात मुद्दाम नाही;
त्या फटीवरून इंजिनाला कळतं आपण कुठे आहोत.
(हे सांगितलं तेव्हा पपांनी
जिभेनं स्वतःची पडलेली दाढ चाचपली.)
एक्झॉस्टमध्ये एक सेन्सर,
नाकाशी सूत धरावं तसा.

अर्थिंग चुकीच्या जागी घेतलं, त्यात चार दिवस गेले.
शेजारचा रेमिहिओ डोकावून म्हणाला,
तोरीनोचा फ्रिज केलास की, नेलिदा.

जूनमध्ये वर निघालो, तोरोच्या घळीतून.
गाडी मी चालवत होते.
लॅपटॉप पपांच्या मांडीवर,
सोळा ओळी, सोळा रकाने, सगळे आकडे.
त्यांनी तिकडे पाहिलं नाही.
पाठ सीटला, तळवे पत्र्याला, डोळे मिटलेले.
एका चढावर म्हणाले, "इथं उपाशी आहे."
मी थांबून बघितलं. बावीसशे आरपीएम, मिश्रण पातळ.
तीन टक्के वाढवलं, पुन्हा तोच चढ.
"अजून."
अजून दोन.
"कान गेला," ते म्हणाले, "बूड शाबूत आहे,"
आणि खोकला येईस्तोवर हसले.

आब्रा ब्लांका. चार हजार ऐंशी मीटर.
इथे आम्ही नेहमी थांबायचो.
विरळ हवेत पेट्रोल गाडीच्या घशाशी यायचं,
काळा धूर ओकायची ती,
मग बॉनेट उघडून ते सहा बारीक जेट बसवायचे,
वाऱ्यात, उघड्या बोटांनी,
उरलेले ओठांत धरून.
एकदा एक पडलं.
आई, मी, धाकटा इसौरो, सगळे खड्यांत रांगत,
तांदळाएवढा पितळेचा दाणा शोधत.
आई इतकी हसली की तिला श्वास पुरेना.
सापडलं नाही. खोकत खोकत उतरलो.

आज गाडी खिंड चढली
आणि तिला पत्ताही लागला नाही.
"आलं का?" पपांनी विचारलं.
"गेलं," मी म्हणाले. "दोन किलोमीटर मागे."
त्यांनी लॅपटॉप मिटला.

मी गाडी वळवली.

उतरून त्यांनी बॉनेट उघडलं, सवयीनं,
आणि नुसते उभे राहिले.
सहा इंजेक्टर टिकटिकत होते.
ते त्यांना ऐकू येत नव्हतं.
मग ते खाली वाकले.
चक्कर आली असं वाटून मी धावले,
तर गुडघ्यांवर बसून
ते खडे बाजूला सारत होते,
एकेक, सावकाश.

मी इंजिन बंद केलं,
हातमोजे काढले,
आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.