हात सोडा

कार्मनूच्या दुकानात मी आधी रंग बघितला.
बावन्न वर्षं गोझो बेटावर राहून
समुद्र फक्त वरून पाहिलेली बाई
दुसरं काय बघणार?

"पट्टा मागे टाका," तो म्हणाला. "मास्क नुसता चेहऱ्याला लावा,
नाकानं श्वास ओढा, आणि हात सोडा."

पहिला पडला. दुसरा गालाच्या हाडावर अडला.
निळा, मला आवडलेला, जरा टिकला
आणि मी हसले तसा निसटला.
"हसलात की ही घडी उघडते,
पाणी इथूनच येतं."
पहाटे तीनपासून पावाच्या भट्टीपुढे
डोळे बारीक करकरून कमावलेल्या घड्या,
त्या आता कुठे ठेवू?

फिन्स सैल वाटल्या तरी चालतील, आत बूट येतो.
सूट मात्र असा, की चढवताना शिवी आठवावी.
रेग्युलेटर? "यंदा माझाच न्या भाड्यानं.
मास्क तेवढा स्वतःचा हवा."

मग खालच्या खोक्यातला एक, काळा, बिनदिमाखाचा.
ओढला श्वास. सोडले हात.
बसला,
मळलेल्या पिठावर ओलं फडकं बसावं तसा.

मी तशीच उभी.
कार्मनूनं काउंटरवर टकटक केलं:
"अहो, तोंडानं घ्या आता श्वास.
खाली गेल्यावर तो कधीच कोंडायचा नाही."