चार बोटं पाणी

ऑलिडोरच्या अंगणात दोन कायाक उपड्या टाकल्यात ओंडक्यांवर,
पोटाखाली कोंबड्या सावलीला बसल्यात.
एक निळी, लांबट, नाकानं टोकदार,
बुडाला एक ओरखडा नाही,
म्हणजे कुठे गेलीच नाही ती कधी.
दुसरी मातकट हिरवी, ऐसपैस,
काठावर सुस्तावलेल्या मगरीसारखी.

जुनं घेताना दात बघून घे, आई म्हणायची.
ती गाईंबद्दल बोलायची,
आणि एकदाच, माझ्या दुसऱ्या नवऱ्याबद्दल.

मी अंगठा दाबते बैठकीच्या खाली,
उन्हानं प्लास्टिकचा पापड होतो तो तिथेच.
दबतं, परत येतं. बरं आहे.
पाणी निथळायच्या भोकांतून करंगळी फिरवते,
चीर जाते ती आधी भोकाच्या कडेला.
मग आम्ही हिरवीला सुलटी करून
तिच्या पोटात दोन बादल्या पाणी ओततो
आणि वाकून बघत राहतो, कुठे घाम फुटतोय का.
फुटत नाही.
फुटतो तो आम्हा दोघांना.

"निळी वेगानं जाते, क्लेली."
मला कुठे जायचंय वेगानं?
उजवा गुडघा दोनदा उघडून शिवलाय माझा.
मला हिच्यात उभं राहता आलं पाहिजे.
आणि उत्तरेचा वारा सुटला की
या बायूतलं पाणी समुद्र परत मागून घेतो,
दुपारपर्यंत उरतं चार बोटं,
खाली चिखल, जो कमरेपर्यंत माणूस घेतो
आणि बूट परत देत नाही.
रेडफिश तेव्हाच येतात ना खेकडे हुंगत,
शेपट्या हवेत, पाठी उघड्या,
लाज सोडल्यासारखे.
चार बोटांवर जी तरंगेल ती माझी.

हिरवीच्या बुडाला ओरखडे पुष्कळ.
बारीक, आडवेतिडवे आहेत ते कालवांचे,
ते मी डोळे मिटून ओळखते.
पण एक निराळा.
नाकापासून शेपटीपर्यंत सरळ,
सुतारानं दोरी धरून मारावा तसा,
नखभर खोल.

"हा कशाचा?"
ऑलिडोर टोपी काढतो, परत घालतो.
"कुंपण."
"कुणाचं?"
"बापाचं."
हात करतो दक्षिणेला,
जिथे पाण्याशिवाय काही नाही,
एक वाकलेला विजेचा खांब सोडला तर.
"बावीस गुरं चरायची. तुला आठवत असेल.
मेखा अजून उभ्याच आहेत, सायप्रसच्या.
पाणी चढलेलं असलं की वरून जाता येतं.
उतरलं की येतात वर.
मला वाटायचं, मला पाठ आहेत सगळ्या."

मी गप्प.
आमच्या शाळेचं मैदान तिकडेच कुठेतरी,
कोळंबीवाल्यांच्या जाळ्यांखाली.

"ओरखड्याचे पन्नास कमी कर," शेवटी मी म्हणते.
"त्याचे तर पन्नास जास्त घ्यायला हवेत."
साडेतीनशेवर ठरतं.
उरलेल्या पन्नासात लाइफ जॅकेट येईल,
माझं जुनं उंदरांनी खाल्लंय.

दोर तोच बांधतो माझ्या पिकअपला,
गाठ मारून वर दोनदा थोपटतो,
जनावर विकताना थोपटावं तसं.
लेक त्याला घेऊन जाणार आहे वर, हूमाला,
तिथे जमीन आहे म्हणे, पायऱ्या नाहीत.
गाडी सुरू केल्यावर खिडकीशी येतो.
"फाटकातून जा. दोन जाड खांब,
डावीकडच्यावर पेलिकन बसतो.
त्यांच्या मधून गेलीस तर काही लागणार नाही."

शनिवारी उत्तरेचा वारा होता.
पेलिकन होता.
मी वल्हं आडवं धरून सरळ आत शिरले,
बुडाला काही लागलं नाही.
आणि आत गेल्या गेल्या
हात आपोआप मागे गेला,
फाटक लावून घ्यायला.