चार्ज देताना

बसा, मुलाणी मॅडम. खुर्चीचा उजवा पाय सांभाळून.
ही किल्ली. ही दुसरी, ती कशालाच लागत नाही,
पण यादीत आहे, म्हणून तीही घ्या.

वडूजच्या कोर्टात मुद्देमालाची खोली ही एवढीच.
आधी इथं रॉकेलचे डबे असायचे,
अजून हवा कोंदली की वास सुटतो.
वही उघडा. मी वाचतो, तुम्ही खूण करा.

हातभट्टीची दारू, पाच लिटर. कॅन आहे, दारू नाही.
उडून गेली. झाकण घट्ट आहे. होतं असं.
गांजा. वजन दरवर्षी घटतं, वाळतो तो.
उंदरांचं नाव घेऊ नका, त्यांची साक्ष होत नाही.
सायकल, बिनचेनची. आरोपी वारला, फिर्यादी पुण्याला गेला,
सायकल राहिली.
घरी जाताना तिची घंटी एकदा वाजवायचो मी.
हे वहीत नाही.

तुम्ही कायदा शिकून आलात.
मी एकतीस वर्षं लाख, सुतळी आणि डिंक शिकलो.
मला कळलं ते इतकंच
की एका हातातून सुटलेली कुऱ्हाड
दुसऱ्या हातात जायच्या आत
मध्ये कुणीतरी तिला चिठ्ठी डकवावी लागते:
गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, दोन पंचांच्या सह्या.
चिठ्ठीचा डिंक वाळेस्तोवर पोरं शाळेतून बाहेर पडतात,
साक्षीदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो.
लोक म्हणतात, उशीर.
मीही म्हणायचो.
आता वाटतं, सगळ्या तालुक्यानं आपापला राग
आपल्याकडं पावती घेऊन ठेवायला दिलाय.
काहीजण पावती हरवतात.
ते बरे.

पुढं. सेशन केस, कुऱ्हाड एक, दांडा बाभळीचा.
पाण्याच्या पाळीवरून. भावानं भावाला.
निर्दोष सुटला, संशयाचा फायदा.
दोन्ही पंच फितूर:
सही आमचीच, म्हणाले, वर काय लिहिलंय ते ठाऊक नाही.
साहेबांनी निकाल वाचला तेव्हा पंख्याचाच आवाज होता.

मयताच्या वस्तू द्यायच्या होत्या परत.
घड्याळ, चपलांचा जोड, पाचशेची एक नोट.
नोट तोवर बंद झालेली,
पंचनाम्यात तिचा नंबर टिपायचा राहिलेला,
बँक हात लावीना.
मी अवघडून म्हटलं, बाई, ही आता चालत नाही.
तिनं घडी मोडली नाही, तशीच कनवटीला लावली.
म्हणाली, त्यांच्या खिशातली हाय.
चालायला कशाला पायजे?

त्याच बाकावर, पलीकडच्या टोकाला, दुसरी बसलेली.
सुटलेल्याची बायको.
नाकं सारखी, बसण्याची तऱ्हा सारखी.
सख्ख्या बहिणी, मॅडम. एकाच मांडवात दोघी
दोघा भावांना दिलेल्या.
मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा,
कुणी बसलं नाही.

ती उठून टेबलापाशी आली.
साहेब, ती कुऱ्हाड मिळंल का?
मी म्हटलं, नाही. नष्ट करायचा हुकूम आहे.
आमच्या बापानं दिलेली, म्हणाली.
लग्नात. रहिमतपूरच्या लोहाराकडनं करून.

मी वहीत बघत राहिलो.
कायद्यात काही सापडतंय का ते नाही,
कुठं बघायचं ते कळेना म्हणून.

तेव्हा बाकावरची बोलली.
मान न वळवता, चपलांवरची लाख नखानं खरवडत:
दोघींना येक येक दिली व्हती.
माझी हाय घरात.

एवढंच. मग दोघी एकाच एसटीनं गेल्या,
दुसरी गाडी संध्याकाळपर्यंत नव्हती.

ही बघा. सील शाबूत.
हुकमाची मुदत उलटून गेलीय,
माझ्याच्यानं झालं नाही, ते तुम्ही करा.
लोहार बोलवा, दोन पंच घ्या, तुकडे मोजून लिहा.

त्या दुसरीचं विचारता?
ती आपल्या यादीत नाही.

इथं सही.
खाली तारीख.