खेरीज

शुक्रवार पेठेतल्या माझ्या कचेरीच्या जिन्यावर
आधीच्या भाडेकरूनं ठोकलेली पत्र्याची पाटी आहे :
'कामाखेरीज वर येऊ नये.'
'काम' गंजलंय. 'खेरीज' अजून शाबूत.
एकतीस वर्षं त्या शब्दाखालून ये-जा करते मी,
बगलेत लोकांची विवरणपत्रं.

गुरुवारी हुसेन अत्तार आले.
तपकीर गल्लीत जळलेल्या मोटारींना नवी तार भरतात.
नोटिशीच्या चार घड्या, वरच्या घडीवर ग्रीसचा अंगठा.
कुठल्याशा जुन्या सालाची मागणी, अकरा हजार तीनशे चाळीस,
आणि तिच्यात परस्पर वळता करून घेतलेला यंदाचा परतावा.
"भरले होते मॅडम. पावती आंबिल ओढा घेऊन गेला."
मग जरा थांबून,
"कराला माझी ना नाही. पोरगी म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकली.
पण किती द्यायचे, ते आधी सांगा ना."

मी कायदा उघडला.
उघडला म्हणजे दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आपटला.
कलम, पोटकलम, खंड, उपखंड, स्पष्टीकरण,
परंतु असे की,
परंतु आणखी असे की,
असे मानण्यात येईल की...
आणि पूर्वलक्षी प्रभावाने,
म्हणजे काल खानावळीत जेवून गेलेल्याला
आज रस्त्यात गाठून आजच्या दराचं बिल.

"सरकारला असली नोटीस कोण देतं?" अत्तारांनी विचारलं.

मी दुसरं पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेलं, त्या मानानं बारीक.
दोनशे पासष्टावा अनुच्छेद. वाचा म्हटलं.
मोटारीवरचा नंबर वाचावा तसं बोट ठेवून वाचलं त्यांनी :
कायद्याच्या अधिकाराखेरीज कर बसवायचा नाही,
वसूल करायचा नाही.
"एवढंच?"
एवढंच.
"ही तर तुमच्या जिन्यावरची पाटी."

हो, पाटीच. फक्त तुमच्या दारावर लावलेली,
आणि वाचायची त्यांनी.

पुढचं मी त्यांना बोलले नाही.
कायद्याखेरीज नको, असं बजावलं आपण,
तर कायदाच इतका फुगला
की त्याच्याखेरीज काही उरलंच नाही.
कुंपण एका ओळीचं,
आणि आतलं रान मोजायला माझ्यासारखी माणसं.

मला हवाय तो कायदा
अत्तारांना अर्ध्या कटिंगमध्ये वाचून होईल असा,
जो कालच्या दिवसाला हात लावणार नाही,
घेताना जेवढी घाई तेवढीच परत करताना करील,
आणि 'मानण्यात येईल' लिहिण्याआधी
कुणाला तरी विचारील.

हे मी म्हणतेय, हेही खरं नाही धड.
प्रत्येक 'परंतु'नं माझ्या धायरीच्या फ्लॅटचा एकेक हप्ता फेडलाय.
धाकट्याचं इंजिनिअरिंग एका स्पष्टीकरणावर झालं.
सोपा कायदा आला तर पहिली मीच जिना उतरेन,
कामाखेरीज.

जाताना अत्तारांनी वर पाहिलं. पंखा कण्हत होता.
स्टूल ओढून त्यांनी तो उतरवला, खांद्यावर टाकून नेला.
शनिवारी परत आणून टांगला, वर बिल :
वायंडिंग नवे. साडेतीनशे.
हमी सहा महिने. बिघडल्यास पैसे परत.
खाली सही. मी बिल उलटून पाहिलं, सवयीनं.
मागे काही नव्हतं.

त्यांच्या उत्तराचा मसुदा तयार होता माझ्याकडे, अकरा पानी.
पहिल्याच वाक्यात 'खेरीज' घातलं होतं, ठळक.
त्यांनी बटण दाबलं,
आणि अकराच्या अकरा पानं खोलीभर.

अत्तार गुडघ्यांवर बसून गोळा करत राहिले,
प्रत्येक पान उजेडाला धरून, चाळून,
"यात मी कुठल्या पानावर आहे हो, मॅडम?"