अडकित्ता

श्रीवर्धनच्या दवाखान्यात
दर्शनाच्या पोटावर गार जेली,
आणि मशीनवर करडी, हलती खाडी.

मॅडम म्हणाल्या, ही डाव्या किडनीची शीर.
इकडे फुगलीय, मुखाशी वाळू साचलेल्या
ओहोळासारखी,
आणि इथे महाधमनी नि तिची फांदी
यांच्या बेचक्यात चिमटून
थेट पाखराची चोच.
तिथेच रंग उसळत होते, निळ्यात पिवळा, लाल.
म्हणून लघवीत रक्त.

आजाराचं नाव इंग्रजी. मी पुन्हा विचारलं.
त्यांनी माझ्या चंचीकडे बोट केलं.
'तेच. अडकित्ता.'

चाळीस वर्षं रोठा कातरतोय.
खांड पात्यात नीट बसलं की नाही
अंगठ्याला आधी कळतं.
हिचं कळलं नाही.
बारावीत आठ किलो उतरली,
मी म्हणत राहिलो, उंची धरतेय पोर.

'लगेच कापाकापी नको. अंगावर मांस चढलं
की बेचकं उघडतं थोडं. खाऊ घाला.'

येताना जीवना बंदरावर सुरमई घेतली,
भाव न करता.
रात्री पान लावलं नाही.
अडकित्ता फळीवर, पाती फाकलेली.
ही म्हणाली, मिटा तो, कुणाचं बोट जाईल.

राहू दे, म्हटलं.